गोळी चालू असताना येणारी पाळी आणि स्त्रीबीजाचे चक्र

आपले वय २९ आहे आणि गेली दोन वर्षे आपण २१ गर्भनिरोधक गोळ्यांचे पाकीट घेत आहात. पाकीट संपल्यावर तिसऱ्या दिवशी अंगावरून जायला लागते, तीन-चार दिवसांत थांबते आणि सात दिवसांची सुट्टी संपली की आपण नवे पाकीट सुरू करता. आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. पाळी दर महिन्याला येते, त्याअर्थी स्त्रीबीजही तयार होत असेल का? होत नसेल तर ते जाते कुठे, कारण मोठ्या जाऊबाईंच्या म्हणण्याप्रमाणे गोळ्यांनी बीज सुकून जाते? आणि पुढच्या वर्षी मूल हवे असेल तर गोळी किती आधी बंद करावी? शेवटी ओझरता उल्लेख असा आहे, की मागच्या महिन्यात गावी गेल्यामुळे नवे पाकीट दोन दिवस उशिरा सुरू झाले. माझ्या दृष्टीने आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच आहे, त्यामुळे त्याविषयी थोडे अधिक लिहीत आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. गोळी व्यवस्थित घेतली जात असताना स्त्रीबीज सुटत नाही आणि सुट्टीच्या दिवसांत होणारा रक्तस्राव हा बीज सुटल्याचा पुरावा नव्हे. तो का होतो हे समजण्यासाठी गोळी नसताना शरीरात काय चालते ते आधी पाहावे लागेल.

मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून ठरावीक अंतराने एक संप्रेरक (हार्मोन) थोडे थोडे सुटत असते आणि त्याच्या इशाऱ्यावर पिट्युटरी ग्रंथी एफएसएच व एलएच ही दोन संप्रेरके रक्तात सोडते. पाळीच्या सुरुवातीला एफएसएच किंचित वाढते आणि बीजकोषातील काही फॉलिकल, म्हणजे प्रत्येकी एक स्त्रीबीज सामावलेल्या द्रवाच्या बारीक पिशव्या, वाढीला लागतात. आठवड्याभरात त्यांतील एक इतरांना मागे टाकते आणि बाकीच्या विरून जातात. पुढे गेलेले फॉलिकल रोज साधारण दोन मिलिमीटरने वाढत २० मिलिमीटरच्या आसपास पोचते आणि वाढता वाढता पुष्कळ इस्ट्रोजेन तयार करते. एरवी इस्ट्रोजेन पिट्युटरीला दाबून ठेवते. परंतु ते सुमारे दोन दिवस चढ्या पातळीवर टिकले की पिट्युटरी एलएचचा एकदम मोठा लोंढा सोडते आणि त्यानंतर साधारण ३६ तासांत फॉलिकल फुटून बीज बाहेर पडते. फुटलेल्या फॉलिकलचे रूपांतर पीतपिंडात होते. पीतपिंड प्रोजेस्टेरॉन तयार करतो, गर्भाशयाचे अस्तर गर्भासाठी सज्ज करतो आणि गर्भ राहिला नाही तर सुमारे १४ दिवसांनी मावळतो. प्रोजेस्टेरॉनचा आधार गेला की अस्तर गळते आणि पाळी येते.

आपण घेत असलेल्या संयुक्त गोळीत कृत्रिम इस्ट्रोजेन आणि कृत्रिम प्रोजेस्टेरॉन, ज्याला प्रोजेस्टोजेन म्हणतात, असे दोन घटक असतात. सरकारी कार्यक्रमातील माला-एन या गोळीत ३० मायक्रोग्रॅम इथिनिल इस्ट्राडायोल हे इस्ट्रोजेन आणि १५० मायक्रोग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल हे प्रोजेस्टोजेन असते. बाजारातील अनेक गोळ्यांत इस्ट्रोजेन २० ते ३० मायक्रोग्रॅम असून प्रोजेस्टोजेन निराळे असते. प्रोजेस्टोजेनमुळे हायपोथॅलॅमसचे इशारे मंदावतात आणि एलएचचा लोंढा येतच नाही. इस्ट्रोजेन एफएसएच दाबून ठेवते, त्यामुळे एकही फॉलिकल पुढे निघत नाही. दोन्ही मिळून पिट्युटरीला संप्रेरके भरपूर असल्याची जाणीव देत राहतात आणि बीजकोष शांत पडून राहतो. याशिवाय प्रोजेस्टोजेनमुळे गर्भाशयमुखातील स्राव घट्ट व चिकट होतो, त्यातून शुक्रजंतूंना वर जाणे कठीण होते, आणि गर्भाशयाचे अस्तर पातळ राहते. एखाद्या चक्रात बीज सुटलेच, तर हे दोन अडथळे उपयोगी पडतात. मुख्य काम मात्र ओव्हुलेशन, म्हणजे बीज सुटणे, थांबवण्याचेच आहे.

आपण थोडे लक्ष दिलेत तर हा फरक आपल्यालाही जाणवेल. गोळीपूर्वी दोन पाळ्यांच्या मधल्या काळात एक-दोन दिवस कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा, ताणला जाणारा, निसरडा स्राव दिसत असेल. गोळीवर तो दिसत नाही. काही जणींना बीज सुटताना ओटीपोटात एका बाजूला दुखते, तेही थांबते. बीज सुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉनमुळे शरीराचे तापमान अर्ध्या अंशापर्यंत वाढते आणि पाळी येईपर्यंत तसेच राहते. गोळीवर असा चढ-उतार होत नाही. त्यामुळे गोळी चालू असताना मोबाइलवरच्या ॲपने दाखवलेला ‘ओव्हुलेशनचा दिवस’ निरर्थक असतो, कारण ते ॲप फक्त रक्तस्रावाच्या तारखांवरून हिशेब मांडते.

आता सुट्टीतील रक्तस्राव. २१ दिवस गोळीतील संप्रेरकांनी अस्तराला आधार दिलेला असतो. शेवटची गोळी घेतल्यावर दोन ते चार दिवसांत तो आधार संपतो आणि पातळ अस्तर गळून पडते. ते मुळातच पातळ असल्याने रक्तस्राव कमी होतो आणि पोटात कळा आणणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्येही कमी तयार होतात. गोळीवर पाळी दुखत नाही असे अनेक जणी सांगतात त्यामागे हेच कारण आहे. ही सुट्टी ठेवण्याचा निर्णय माणसांचा आहे. १९५० च्या दशकात ग्रेगरी पिंकस आणि जॉन रॉक यांनी अमेरिकेत गोळीवर काम केले, तेव्हा दर महिन्याला रक्तस्राव झाला तर स्त्रियांना औषध नैसर्गिक वाटेल आणि गर्भ राहिला नसल्याचा दिलासाही मिळेल, या विचाराने गोळ्या मध्ये थांबवण्याची पद्धत स्वीकारली गेली. ब्रिटनमधील फॅकल्टी ऑफ सेक्शुअल अँड रिप्रॉडक्टिव्ह हेल्थकेअर या तज्ज्ञ संस्थेने २०१९ मध्ये स्पष्ट केले की सात दिवसांच्या सुट्टीचा आरोग्याला काही लाभ नाही, आणि सुट्टी चार दिवसांची करणे किंवा पाकिटे सलग घेणे हे पर्यायही सुरक्षित आहेत. मला हे पूर्णपणे पटते. मात्र असा बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा, कारण सलग गोळ्या घेताना पहिले काही महिने मधूनमधून डाग पडतात आणि त्याने बायका घाबरून गोळी सोडतात.

ही सुट्टीच गोळीच्या साखळीतला सर्वांत कच्चा दुवा आहे. गोळ्या थांबल्या की पिट्युटरीवरचा दाब कमी होतो, एफएसएच पुन्हा वाढू लागते आणि काही स्त्रियांमध्ये सातव्या दिवशी सोनोग्राफीत १० मिलिमीटरचे किंवा त्याहून मोठे फॉलिकल दिसते. आठव्या दिवशी नवे पाकीट वेळेवर सुरू झाले तर त्याची वाढ तिथेच खुंटते. बीजकोष पुन्हा पूर्ण शांत होण्यासाठी सलग सात गोळ्या लागतात. म्हणून चुकलेल्या सगळ्या गोळ्यांचा धोका सारखा नसतो. पाकिटाच्या मध्यावर एक गोळी राहिली तर आठवताच ती घ्यावी आणि पुढची ठरल्या वेळी घ्यावी. तेवढ्याने सहसा काही बिघडत नाही. पाकिटाच्या सुरुवातीच्या किंवा शेवटच्या गोळ्या राहिल्या, तर सुट्टी सातऐवजी आठ, नऊ, दहा दिवसांची होते आणि त्या वाढीव दिवसांत फॉलिकल हाताबाहेर जाऊ शकते. पुष्कळ सुशिक्षित स्त्रियाही मधली गोळी चुकल्यावर धास्तावतात आणि पाकीट दोन दिवस उशिरा सुरू झाल्याचे मात्र हिशेबात धरत नाहीत, म्हणून हे मी मुद्दाम सांगतो.

आपल्या बाबतीत नेमके हेच घडले. आपली सुट्टी नऊ दिवसांची झाली. अशा वेळी पाकीट लगेच सुरू करून पुढचे सात दिवस निरोध वापरायला हवा होता. आणि सुट्टीच्या काळात किंवा त्या सात दिवसांत निरोधाविना संबंध आले असतील, तर ७२ तासांच्या आत आपत्कालीन गोळी घेण्याविषयी डॉक्टरांशी बोलायला हवे होते. आता ती वेळ निघून गेली आहे, त्यामुळे सकाळच्या पहिल्या लघवीची गर्भचाचणी करून घ्यावी. संबंधानंतर तीन आठवडे झालेले असले की ती विश्वासार्ह असते. त्यानंतरच्या सुट्टीत रक्तस्राव झाला एवढ्यावर निश्चिंत राहू नये, विशेषतः तो नेहमीपेक्षा फारच थोडा असेल तर. पुढे असे होऊ नये म्हणून २८ गोळ्यांचे पाकीट घेण्याचा विचार करावा. माला-एनच्या पाकिटात शेवटच्या सात गोळ्या लोहाच्या असतात. त्यांचा गर्भनिरोधनाशी संबंध नसला तरी रोज एक गोळी घेण्याची सवय मोडत नाही आणि नवे पाकीट आपोआप वेळेवर सुरू होते. त्या गोळ्या ‘बिनकामाच्या’ म्हणून फेकून देऊ नयेत.

गोळी नियमित घेऊनही परिणाम घटतो असा एक प्रसंग आपल्याकडे वारंवार येतो, तो क्षयरोगाच्या उपचारांचा. रिफाम्पिसिन हे औषध यकृतातील विकरांना (एन्झाइमना) इतके चेतवते की गोळीतील संप्रेरके झपाट्याने मोडली जातात. हा उपचार चालू असेपर्यंत आणि त्यानंतर चार आठवडे संयुक्त गोळीवर विसंबू नये. अपस्माराची फेनिटॉइन व कार्बामाझेपिन ही औषधेही असाच परिणाम करतात. सर्दी-तापासाठी दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या प्रतिजैविकांनी असे होत नाही. मात्र गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली, तर दुसरी गोळी घ्यावी.

बीज सुकते का, या प्रश्नाकडे येतो. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजकोषांत दहा ते वीस लाख बीजे असतात. वयात येईपर्यंत त्यांतील तीन ते चार लाख उरतात आणि सगळ्या आयुष्यात प्रत्यक्ष सुटतात ती सुमारे ४०० ते ५००. बाकीची वाढीच्या निरनिराळ्या टप्प्यांवर विरून जातात. हे विरणे गोळी असताना, गरोदरपणात आणि वयात येण्यापूर्वीही चालूच असते. म्हणून गोळीने बीजे सुकत नाहीत, तसेच ती शिल्लकही पडत नाहीत आणि रजोनिवृत्ती पुढे जात नाही. गोळी चालू असताना एएमएच ही बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी केली तर आकडा बराच कमी येऊ शकतो आणि त्यावरून ‘बीजे संपत आली’ असा निष्कर्ष काढून काही जोडपी हवालदिल होतात. बीजकोष दबलेला असल्याने आलेली ती तात्पुरती घट असते. गोळी थांबवून दोन-तीन महिन्यांनी तपासणी केली की खरे चित्र कळते. दुसरीकडे, बीजकोषाला अशी विश्रांती मिळाल्याचा एक फायदा चांगला सिद्ध झालेला आहे. गोळी घेतलेल्या स्त्रियांत बीजकोषाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचे प्रमाण कमी आढळते, आणि गोळी थांबवल्यानंतरही हे संरक्षण अनेक वर्षे टिकते.

जाऊबाईंचे म्हणणे बहुधा पीसीओएस, म्हणजे बीज नियमित न सुटण्याचा विकार, असलेल्या कुणाच्या तरी अनुभवावरून आलेले असावे. ज्या मुलीची पाळी मुळात दोन-दोन महिन्यांनी येते, तिला गोळी सुरू केली की दर महिन्याला रक्तस्राव होतो आणि घरचे म्हणतात, ‘आता पाळी रेग्युलर झाली.’ प्रत्यक्षात तिचे बीज तेव्हाही सुटत नसते. गोळी बंद केल्यावर जुनाच अनियमितपणा परत येतो आणि दोष गोळीवर येतो. पीसीओएसमध्ये गोळीचा उपयोग आहे, अस्तर जाड होत राहण्यापासून बचाव होतो, मुरमे आणि नको तिथले केस कमी होतात. पण पाळी अनियमित करणारे मूळ कारण तिने जात नाही. गोळी देताना हे स्पष्ट सांगितले, तर पुढचा मनस्ताप टळतो. अनेकदा ते सांगितले जात नाही, याचे मला वाईट वाटते.

इतर संप्रेरक साधनांचा बीजावर होणारा परिणाम सारखा नाही. सरकारी रुग्णालयांत मिळणारे अंतरा हे तीन महिन्यांचे इंजेक्शन, ज्यात १५० मिलिग्रॅम मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन असते, ओव्हुलेशन पक्के थांबवते. त्यावर पाळी अनियमित होते आणि पुढे बहुतेकींची बंदच होते. ‘रक्त आत साठते आणि अंगात भिनते’ ही भीती इथे हमखास ऐकू येते. अस्तर वाढतच नसल्याने गळायला काही नसते आणि आत काही साठत नाही. मात्र शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस जायला साधारण सात ते दहा महिने लागू शकतात, म्हणून वर्षभरात मूल हवे असणाऱ्या स्त्रीला मी ते सुचवत नाही. संप्रेरकयुक्त तांबीत ५२ मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल असते, पण ते मुख्यतः गर्भाशयातच काम करते. त्यामुळे बऱ्याच स्त्रियांचे बीज दर महिन्याला सुटत राहते आणि रक्तस्राव मात्र नगण्य होतो किंवा थांबतो. म्हणजे गोळीवर रक्तस्राव असतो आणि बीज नसते, तर या तांबीवर अनेकदा बीज असते आणि रक्तस्राव नसतो. आपल्या मनातला मूळ गोंधळ या दोन उदाहरणांवरून सुटावा.

आपत्कालीन गोळीचे काम वेगळे आहे. १.५ मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेलची ही गोळी एलएचचा लोंढा सुरू होण्याआधी घेतली तर ओव्हुलेशन पुढे ढकलते. लोंढा सुरू झाल्यावर किंवा बीज सुटल्यावर तिचा उपयोग होत नाही आणि रुजलेला गर्भ तिने पडत नाही. ती दर महिन्याला घेण्याचे साधन नव्हे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेली आणि सरकारी कार्यक्रमात छाया नावाने मिळणारी सेंटक्रोमनची गोळी तर संप्रेरकच नाही. ती बीज सुटणे थांबवत नाही, अस्तरावर परिणाम करून गर्भ रुजू देत नाही आणि पाळी कधी कधी लांबवते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा ती घ्यायची असते.

गौरी-गणपतीच्या किंवा लग्नाच्या दिवसांत पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या नॉरएथिस्टेरॉनविषयीही सांगणे भाग आहे, कारण त्या गोळ्या चिठ्ठीविना सर्रास घेतल्या जातात. त्या अपेक्षित पाळीच्या तीन दिवस आधी सुरू करतात, म्हणजे त्या महिन्याचे बीज तोवर सुटून गेलेले असते. गोळी फक्त अस्तराला आधार देऊन ठेवते आणि ती थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. तिच्यावर गर्भनिरोधक म्हणून विसंबता येत नाही. शिवाय या औषधाचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, त्यामुळे ज्या स्त्रीला पूर्वी शिरेत गुठळी झाली असेल तिने ते घेऊ नये. आपण सध्या संयुक्त गोळी घेत असल्याने आपल्याला त्याची गरजही नाही. सणाच्या वेळी सुट्टी न घेता दुसरे पाकीट लगेच सुरू केले की काम भागते.

गुठळीचा विषय निघालाच आहे, तर आपण दोन वर्षांत रक्तदाब तपासला आहे का, हे विचारतो. संयुक्त गोळीतील इस्ट्रोजेनमुळे शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. गोळी न घेणाऱ्या दहा हजार तरुण स्त्रियांमध्ये वर्षाला सुमारे दोघींना अशी गुठळी होते, लिव्होनॉरजेस्ट्रेलयुक्त गोळी घेणाऱ्यांत पाच ते सात जणींना आणि ड्रॉस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेल हे प्रोजेस्टोजेन असलेल्या गोळीवर नऊ ते बारा जणींना. धोका लहान आहे, तरीही उच्च रक्तदाब, डोळ्यांपुढे चमकत्या रेषा येऊन सुरू होणारी अर्धशिशी, स्तनाचा कर्करोग किंवा पूर्वीची गुठळी असल्यास, तसेच पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या स्त्रीला ही गोळी देत नाहीत. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, छातीत दुखले किंवा धाप लागली तर वाट न पाहता रुग्णालयात जावे.

राहिला गोळी बंद करण्याचा प्रश्न. शरीरातून गोळी ‘धुऊन निघावी’ म्हणून काही महिने थांबण्याची गरज नाही. चालू पाकीट पूर्ण करावे आणि मूल हवे असेल तेव्हा नवे सुरू करू नये. शेवटच्या गोळीनंतर लगेच येणारा रक्तस्राव नेहमीच्या सुट्टीतलाच असतो. पहिली खरी पाळी त्यानंतर चार ते सहा आठवड्यांनी, कधी थोडी उशिरा येते. त्या पाळीच्या आधी बीज सुटलेले असते, म्हणून पाळी न येताच दिवस जाऊ शकतात. गोळी थांबवणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ८० टक्के वर्षभरात गरोदर राहतात आणि गोळी किती वर्षे घेतली यावर ते अवलंबून नसते. आपण गोळी बंद करण्याच्या निदान एक महिना आधी, शक्यतो तीन महिने आधी, रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू करावे आणि हिमोग्लोबिन व थायरॉईड तपासून घ्यावे.

गोळी थांबवून तीन महिने पाळी आली नाही, तर आधी गर्भचाचणी आणि ती नकारात्मक असल्यास थायरॉईड, प्रोलॅक्टिन आणि सोनोग्राफी करावी. गोळी सुरू करण्यापूर्वी आपली पाळी किती दिवसांनी येत असे, हे आपण लिहिलेले नाही. ते आठवून डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण गोळीनंतरचे चक्र बहुधा त्याच वळणावर जाते. पूर्वी ती पस्तीस-चाळीस दिवसांच्या पुढे जात असेल, तर तीन महिने वाट न पाहता गोळी बंद करण्यापूर्वीच भेट घेतलेली बरी.